वर्डपरफेक्ट ५.१, वर्डस्टार ७ आणि आजचं विंडोज: कॉपी-पेस्ट नीट कसं करावं?

शाईपेटी:

विंडोज ११ वर वर्डपरफेक्ट ५.१ आणि वर्डस्टार ७ हे डॉसच्या काळातले वर्ड प्रोसेसर नियमित वापरायचे आहेत. लेखन त्यांतच करायचं, पण तयार मजकूर ईमेलमध्ये न्यायचा आणि ब्राउझरमधले उतारे इकडे आणायचे. अडचणी अशा:

डॉसबॉक्स ०.७४-३ (विंडोजमध्ये डॉस चालवणारा इम्युलेटर) मध्ये पेस्टची सोय कुठेच दिसत नाही. डॉसबॉक्स-एक्स या त्याच्या वाढीव आवृत्तीत पेस्ट होतं, पण उतारा लांब असला की मधली अक्षरं गळतात. जे पोचतं त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एचआरटी (पक्की ओळतूट) कोड बसलेला असतो, म्हणजे परिच्छेद पुन्हा जुळवत बसायचं. वळणदार अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. उलट दिशेने स्क्रीनवरून कॉपी केलं तर एका पडद्याएवढाच मजकूर मिळतो आणि खालची स्टेटसची ओळही सोबत येते. शिवाय वर्डपरफेक्टच्या टेक्स्ट इन/आउटसाठी (टेक्स्ट फाइल आत-बाहेर नेण्याची सोय) कंट्रोल+एफ५ दाबलं तर साध्या डॉसबॉक्समध्ये मेनूच उघडत नाही.

खात्रीचा मार्ग कोणता? आणि डॉसच्या प्रोग्रामला विंडोजचा खरा क्लिपबोर्ड मिळू शकतो का?


निळापडदा:

डॉसला स्वतःचा क्लिपबोर्ड नाही. वर्डपरफेक्टचा ब्लॉक असो की वर्डस्टारचा, तो त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत किंवा तात्पुरत्या फाइलीत राहतो आणि बाहेर कुणाला दिसत नाही. त्यामुळे मजकूर ने-आण करायचे मार्ग तीनच: तुमच्या वतीने इम्युलेटरने भराभर कळा दाबणं, विंडोजने डॉस प्रोग्रामांसाठी ठेवलेला क्लिपबोर्डचा इंटरप्ट (प्रोग्रामने सिस्टमकडे सेवा मागण्याची हाक), आणि सरळ फाइल. तुमच्या बहुतेक तक्रारी पहिल्या मार्गाच्या आहेत.

डॉसबॉक्स-एक्सचं पेस्ट म्हणजे क्लिपबोर्डमधल्या प्रत्येक अक्षरासाठी एक कळ दाबली जाते. बायोसचा कीबोर्ड बफर, म्हणजे दाबलेल्या कळा थांबण्याची जागा, १६ खणांचा असतो आणि त्यात एका वेळी १५ कळाच मावतात. ओळ भरली की वर्डपरफेक्ट ती मोडून पुढची मांडणी करतो, तेवढ्या वेळात तो बफर रिकामा करत नाही. मागून येणाऱ्या कळांना जागा उरत नाही आणि त्या फुकट जातात. म्हणून गळती बहुधा ओळीच्या किंवा पानाच्या तुटीजवळ दिसते.

यावर तीन उपाय. कॉन्फिगरेशन फाइलच्या एसडीएल विभागात क्लिप, पेस्ट, स्पीड हे तीन शब्द अंडरस्कोअरने जोडलेली ओळ आहे, तिथे मूळ किंमत ३० असते. ती ६० करा, तरी गळलं तर १०० करा. आकडा वाढला की पेस्ट हळू होतं. त्याच विभागात क्लिप, पेस्ट, बायोस अशी दुसरी ओळ आहे. तिथे ट्रू ठेवलं तर कळा बायोसच्या मार्गाने दिल्या जातात, फॉल्स ठेवलं तर खऱ्या कीबोर्डसारख्या पाठवल्या जातात. दोन्ही तपासा, कारण प्रत्येक प्रोग्राम कीबोर्ड आपल्या पद्धतीने वाचतो. तिसरं म्हणजे सायकल्स वाढवा. इम्युलेट केलेला प्रोसेसर मंद असेल तर वर्डपरफेक्टची मांडणीही मंद आणि गळती जास्त.

एवढं करूनही हा मार्ग चार-पाच ओळींसाठीच ठेवावा. पेस्ट सुरू असताना प्रोग्राम एखाद्या मेनूत असेल तर मजकुरातली अक्षरं आज्ञा म्हणून घेतली जातात. मजकुरात ३२ पेक्षा कमी किमतीचा एखादा कंट्रोल बाइट शिरलेला असेल तर तोही कळ म्हणूनच जातो, आणि वर्डस्टारमध्ये कंट्रोलची प्रत्येक कळ ही आज्ञा आहे. टाइपओव्हर चालू असेल तर जुना मजकूर पुसत जातो. आधी रिकाम्या डॉक्युमेंटमध्ये पेस्ट करावं, वाचून बघावं आणि मग हलवावं.

स्क्रीनवरून कॉपी करण्याबद्दल: ते फक्त टेक्स्ट मोडमध्येच शक्य आहे, कारण तेव्हाच व्हिडिओ मेमरीत अक्षरांचे कोड असतात. वर्डपरफेक्ट ५.१ चा लेखनाचा पडदा टेक्स्टच आहे, पण ६.० किंवा त्यापुढची आवृत्ती ग्राफिक्स किंवा पेज मोडमध्ये असेल तर कंट्रोल+एफ३ ने टेक्स्ट मोडला आणावं लागतं. आणि मिळतं ते ८० गुणिले २५, म्हणजे २,००० खणांचं चित्र. त्यात शेवटची ओळ स्टेटसची आणि प्रत्येक ओळीची तूट पक्की. चुकीचा संदेश किंवा मेनूचा मजकूर कुणाला पाठवायचा असेल तर उत्तम, लेखासाठी निरुपयोगी.


निळापडदा:

आता वर्डपरफेक्टचा फाइलमार्ग. रोजच्या वापरासाठी तुम्हाला हाच घ्यावा लागेल.

इम्युलेटरला जोडलेल्या फोल्डरमध्ये क्लिप नावाचं एक उपफोल्डर करा आणि त्यात बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी एक, आत येणाऱ्यासाठी एक अशा दोन रिकाम्या फाइली आधीच बनवून ठेवा. नावं आठ अक्षरांच्या आत, एक्स्टेन्शन तीन अक्षरांचं. आधीच बनवण्याचं कारण असं, की साधा डॉसबॉक्स जोडलेल्या फोल्डरची यादी एकदा वाचून जवळ ठेवतो. विंडोजमध्ये नंतर तयार झालेली नवी फाइल त्याला दिसत नाही आणि वर्डपरफेक्ट फाइल सापडत नाही म्हणतो. नाव आधीपासून असेल आणि फक्त आतला मजकूर बदलत असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. तरी अडलंच तर डॉसच्या प्रॉम्प्टवर रीस्कॅन ही आज्ञा द्या.

बाहेर नेताना: कंट्रोल+एफ५, मग १ डॉस टेक्स्ट, मग १ सेव्ह, फाइलचं नाव. पण यात एक मोठी खोच आहे. डॉस टेक्स्ट म्हणून जतन केलं की वर्डपरफेक्ट आपोआप पडलेल्या मऊ ओळतुटीही पक्क्या करून लिहितो. ईमेलमध्ये गेल्यावर परिच्छेदाचे तुकडे दिसतात ते यामुळे. त्याऐवजी कंट्रोल+एफ५, ३ सेव्ह ॲज, १ जेनेरिक असं जतन करा. त्यात मऊ तुटीच्या जागी मोकळी जागा येते आणि तुम्ही स्वतः एंटर दाबलेल्या जागीच नवी ओळ सुरू होते. क्लिपबोर्डसाठी जेनेरिकच योग्य.

सगळं डॉक्युमेंट नको, एक उतारा हवा असेल तर ब्लॉक चालू असताना कंट्रोल+एफ५ उपयोगी पडत नाही. तिथे ती कळ टिप्पणी तयार करू का विचारते. म्हणून अल्ट+एफ४ ने ब्लॉक करा, कंट्रोल+एफ४, १ ब्लॉक, २ कॉपी. खाली एंटर दाबायची सूचना येईल, तेव्हा शिफ्ट+एफ३ ने दुसऱ्या डॉक्युमेंटमध्ये जा, एंटर दाबा, आणि तिथून जेनेरिकमध्ये जतन करा. क्रम ठरलेला असल्यामुळे कंट्रोल+एफ१० ने मॅक्रो करून ठेवता येतो. दुसरं डॉक्युमेंट आधी रिकामं हवं, नाहीतर मागचा उताराही सोबत जाईल; मॅक्रोची सुरुवात ते साफ करण्यानेच करा.

आत आणताना: कंट्रोल+एफ५, १, आणि मग २ किंवा ३. दोन नंबरचा पर्याय प्रत्येक ओळतुटीचा एचआरटी करतो. तीन नंबरचा पर्याय तूट हायफनेशन झोनमध्ये (उजव्या समासाजवळच्या पट्ट्यात) पडत असेल तरच ती मऊ करतो, त्यामुळे आखूड ओळींवर तो फसतो आणि अर्धे परिच्छेद जुळलेले, अर्धे तुटलेले असा घोळ होतो. त्यापेक्षा विंडोजच्या बाजूलाच प्रत्येक परिच्छेद एका सलग ओळीत आणा, मध्ये एक रिकामी ओळ ठेवा आणि दोन नंबर वापरा. ओळ कितीही लांब असली तरी वर्डपरफेक्ट ती आपल्या समासात बसवून घेतो. झालं की अल्ट+एफ३ ने रिव्हील कोड्स (लपलेले कोड दाखवणारा पडदा) उघडून एकदा पाहा.

कंट्रोल+एफ५ चा मेनू का येत नाही ते सोपं आहे. साध्या डॉसबॉक्समध्ये ती कळ स्क्रीनशॉटची आहे आणि ती वर्डपरफेक्टपर्यंत पोचतच नाही. असाच संघर्ष कंट्रोल+एफ१, एफ४, एफ७, एफ८ आणि एफ१० या कळांवर आहे. सगळ्यांत घातक कंट्रोल+एफ९: वर्डपरफेक्टमध्ये ती मर्ज/सॉर्टची कळ, डॉसबॉक्समध्ये मात्र ती इम्युलेटर तत्काळ बंद करते, न विचारता, जतन न करता. त्यामुळे वर्डपरफेक्ट सुरू करण्याआधी कंट्रोल+एफ१ ने मॅपर (कळांची नेमणूक बदलण्याचा पडदा) उघडा, किल, स्क्रीनशॉट, स्वॅप इमेज वगैरे बटणं एकेक निवडा आणि प्रत्येकाला मॉड२ ची खूण लावा. मग त्या आज्ञांना कंट्रोलसोबत अल्टही लागेल आणि नुसत्या कंट्रोलच्या कळा वर्डपरफेक्टला मिळतील. शेवटी सेव्ह दाबायला विसरू नका.

डॉसबॉक्स-एक्समध्ये यांतल्या बहुतेक आज्ञा होस्ट कळीवर हलवलेल्या आहेत. विंडोजवर ती एफ११, इतरत्र एफ१२. वर्डपरफेक्टमध्ये एफ११ म्हणजे रिव्हील कोड्स आणि एफ१२ म्हणजे ब्लॉक, म्हणून तिथे अल्ट+एफ३ आणि अल्ट+एफ४ वापरायची सवय ठेवा.


बाइटबाराखडी:

खऱ्या क्लिपबोर्डच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मिळतो, पण प्रोग्रामला त्याची माहिती असली तर.

विंडोज ३.x च्या एन्हान्स्ड मोडमध्ये आणि ९५/९८ मध्ये डॉस प्रोग्रामांसाठी इंटरप्ट २एफ वर क्लिपबोर्डच्या सेवा होत्या. हेक्समध्ये १७०० ने सेवा आहे का ते विचारायचं, १७०१ ने क्लिपबोर्ड उघडायचा, १७०२ ने रिकामा करायचा, १७०३ ने मजकूर ठेवायचा, १७०४ ने आकार विचारायचा, १७०५ ने मजकूर घ्यायचा आणि १७०८ ने बंद करायचा. मजकुराचे दोन प्रकार असतात: १ म्हणजे विंडोजच्या कोडपेजमधला (कोडपेज म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं अक्षर याचा तक्ता), ७ म्हणजे डॉसच्या कोडपेजमधला. प्रोग्रामने ७ मागितला की रूपांतर विंडोज करतो. इथे कळा नाहीत, बफर नाही, म्हणून गळतीही नाही.

डॉसबॉक्स-एक्सने हीच सेवा तयार केली आहे. कॉन्फिगरेशनच्या डॉस विभागात क्लिपबोर्ड एपीआयची ओळ आहे, ती मुळातच चालू असते. वर्डस्टार ७ ला हे इंटरप्ट कळतात: ब्लॉक खूण करून कंट्रोल+के आणि उजवा चौकोनी कंस दाबला की ब्लॉक विंडोजच्या क्लिपबोर्डवर जातो, कंट्रोल+के आणि डावा चौकोनी कंस दाबला की तिथला मजकूर कर्सरपाशी येतो. म्हणजे तुमचा वर्डस्टारचा प्रश्न दोन कळांत सुटला. डॉसवरचा ईमॅक्स आणि फोरडॉस यांनाही ही सेवा वापरता येते. वर्डपरफेक्ट ५.१ ला मात्र ती माहीत नाही, म्हणून त्याच्यासाठी निळापडदांनी सांगितलेला फाइलमार्गच.

त्या फाइलमार्गाला डॉसबॉक्स-एक्समध्ये एक जोड देता येते. डॉस विभागातच क्लिपबोर्ड डिव्हाइस चालू करायची ओळ आहे. ती मुळात बंद असते, तिथे ट्रू लिहा. मग क्लिप$ नावाचं एक डिव्हाइस तयार होतं. प्रॉम्प्टवर कॉपी आज्ञेला पहिलं नाव फाइलचं आणि दुसरं क्लिप$ दिलं की मजकूर थेट विंडोजच्या क्लिपबोर्डवर. उलट दिशेला पहिलं नाव क्लिप$ आणि दुसरं फाइलचं. सिक्युअर मोडमध्ये इम्युलेटर चालू असेल तर हे डिव्हाइस नुसतं नावाला असतं, मजकूर जात-येत नाही.

वर्डपरफेक्टला जतन करताना फाइलचं नाव म्हणून थेट क्लिप$ द्यायचा मोह होईल, पण ते टाळा. डिव्हाइसला फाइलसारखी लांबी नाही, पुढे-मागे सरकता येत नाही, नाव बदलता येत नाही. जतन करताना यांतलं काहीही लागलं तर अर्धाच मजकूर जातो. फाइलीत जतन करा आणि शेलमधून कॉपी करा. दोन ओळींच्या बॅच फाइली करून ठेवल्या की कंट्रोल+एफ१, १ ने डॉसमध्ये जाऊन एक शब्द टाइप करायचा आणि एक्झिटने परत यायचं.

विंडोज ११ मध्ये इम्युलेटरशिवाय हे प्रोग्राम का चालत नाहीत, असा प्रश्न पुढे येईलच. प्रोसेसर ६४-बिट लाँग मोडमध्ये असताना व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही, आणि ३२-बिट विंडोजमधलं एनटीव्हीडीएम (डॉस प्रोग्राम चालवणारा भाग) त्यावरच उभं होतं. ६४-बिट विंडोजमध्ये ते नसतं, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही. कुणी अजून विंडोज ९८ वर असेल तर प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये फास्ट पेस्टिंगची खूण काढून टाका; तिथली गळती बहुधा तेवढ्याने थांबते.


शाईपेटी:

वर्डस्टारमध्ये कंसाच्या दोन्ही कळा चालल्या. वर्डपरफेक्टमध्ये जेनेरिकने परिच्छेद सलग आले. अवतरणचिन्हं मात्र अजून बिघडतात: काही ठिकाणी टोपी घातलेला ओ दिसतो, काही ठिकाणी ग्रीक गॅमा आणि मागे पाउंडाचं चिन्ह. दोन वेगळे बिघाड का?


कोडपान:

दोन वेगळे, कारण फाइल दोन वेगळ्या एन्कोडिंगमध्ये जतन झाली आहे. दिसणाऱ्या अक्षरावरून निदान होतं, ते असं.

उघडणाऱ्या दुहेरी चिन्हाऐवजी टोपीचा ओ, बंद होणाऱ्याऐवजी दोन टिंबांचा ओ आणि ॲपॉस्ट्रॉफीच्या जागी ए-ई हे जोडअक्षर दिसत असेल, तर फाइल विंडोज-१२५२ मध्ये आहे. तिथे या चिन्हांचे बाइट १४७, १४८ आणि १४६. डॉसच्या कोडपेज ४३७ मध्ये त्याच जागी ही अक्षरं बसतात. गॅमा, शेपटीचा सी आणि पाउंड अशी तिकडी दिसली तर फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) आहे, कारण तिथे एकाच चिन्हाचे तीन बाइट होतात आणि डॉस ते तीन वेगळी अक्षरं म्हणून दाखवतो. आजचं नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये जतन करतं. तुमची गॅमा तिथूनच आली असणार.

मुळात वळणदार चिन्हं, लांब डॅश आणि तीन टिंबांचं एकत्रित चिन्ह कोडपेज ४३७ मध्ये नाहीत, ८५० मध्येही नाहीत. त्यामुळे कुठलंही रूपांतरण ती जशीच्या तशी पोचवू शकणार नाही; आधी सरळ चिन्हांत बदलावी लागतात. दुहेरीला सरळ दुहेरी, एकेरीला सरळ एकेरी, लांब डॅशला दोन हायफन, तीन टिंबांच्या चिन्हाला तीन पूर्णविराम. आणखी एक न दिसणारं चिन्ह आहे, न तुटणारी मोकळी जागा. वेबपानांवरून उचललेल्या मजकुरात ती हमखास असते. तिची साधी जागा करा, नाहीतर तिथे शब्द तुटत नाही आणि ओळ भलतीकडे मोडते.

विंडोजवर हे पॉवरशेलने करावं. आत नेण्यासाठी: गेट-क्लिपबोर्डला रॉ पर्याय देऊन सगळा मजकूर एका तुकड्यात घ्या, वरचे बदल रिप्लेसने करा, मग डॉटनेटच्या राइट-ऑल-टेक्स्ट फंक्शनने आतल्या फाइलीत लिहा आणि एन्कोडिंग म्हणून ४३७ हा आकडा स्पष्ट द्या. बाहेर आणण्यासाठी रीड-ऑल-टेक्स्ट, पुन्हा ४३७, शेवटचा २६ किमतीचा बाइट असेल तर तो छाटा, आणि सेट-क्लिपबोर्ड. हा २६ म्हणजे डॉसचं फाइल संपल्याचं चिन्ह. तो राहिला तर ईमेलच्या शेवटी एक चौकोन किंवा बाण दिसतो. मजकुराच्या मध्ये आला तर आणखी वाईट: डॉसची टाइप आज्ञा तिथेच थांबते आणि पुढचा मजकूर हरवल्यासारखा वाटतो.

ओईएम असं एन्कोडिंग देऊन काम भागतं असं बऱ्याच ठिकाणी सुचवलं जातं, पण त्यावर विसंबू नका. ओईएम म्हणजे त्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ठरणारं कोडपेज. जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरण्याची बीटा सोय चालू केली असेल तर ते ६५००१ होतं आणि १२७ च्या वरची सगळी अक्षरं बिघडतात. आकडा स्पष्ट लिहिलेला कधीही बरा. वर्डपरफेक्ट सुरू करताना डॉसमध्ये कोणतं कोडपेज आहे ते सीएचसीपी आज्ञेने पाहा आणि तोच आकडा दोन्हीकडे ठेवा. ८५० असेल तर दोन्हीकडे ८५०.

लिनक्सवर आयकॉन्व्हला मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८, लक्ष्य सीपी४३७ आणि त्याला जोडून ट्रान्सलिट दिलं की वळणदार चिन्हं आपोआप सरळ होतात. मात्र सिस्टमचं लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) यूटीएफ-८ चं हवं, सी लोकेलमध्ये त्याच जागी प्रश्नचिन्हं येतात. त्यानंतर युनिक्स२डॉसने ओळींची टोकं बदला. डॉसला १३ आणि १० अशी जोडी लागते. नुसता १० असेल तर बऱ्याच प्रोग्रामांत मजकूर जिन्यासारखा उतरत जातो. क्लिपबोर्डला जोडायला एक्सक्लिप, वेलँडवर डब्ल्यूएल-कॉपी आणि डब्ल्यूएल-पेस्ट, मॅकवर पीबीकॉपी आणि पीबीपेस्ट.

प्रत्येक वेळी स्क्रिप्ट हाताने चालवायची नसेल तर बाहेरच्या फाइलीवर पहारा ठेवा. लिनक्समध्ये आयनोटिफायवेटला क्लोज-राइट या घटनेवर थांबवा, म्हणजे वर्डपरफेक्टने फाइल पूर्ण लिहून बंद केल्यावरच ती उचलली जाईल. बदल होताच उचलली तर अर्धी फाइल हाती लागते. विंडोजवर पॉवरशेलमधून फाइलसिस्टमवॉचर वापरता येतो, पण तो लिहिणं सुरू असतानाही कळवतो; म्हणून अर्धा सेकंद थांबून फाइल उघडून पाहा, उघडली नाही तर पुन्हा प्रयत्न करा.

बाहेरच्या दिशेने जाताना ठळक, अधोरेखित, तळटिपा असं सगळं टिकवायचं असेल तर या टेक्स्टच्या वाटेनेच जाऊ नका. वर्डपरफेक्टची मूळ फाइल लिबरऑफिस रायटरमध्ये उघडा. लिबडब्ल्यूपीडी या लायब्ररीमुळे ५.१ आणि ६.x दोन्ही वाचल्या जातात. तिथून कॉपी केलं की स्वरूपासकट ईमेलमध्ये उतरतं. फाइल खरंच वर्डपरफेक्टची आहे का ते ओळखायचं असेल तर पहिला बाइट २५५ आणि पुढे डब्ल्यू-पी-सी ही तीन अक्षरं शोधा. एक्स्टेन्शनवर जाऊ नका, ५.१ च्या काळात लोक हवं ते एक्स्टेन्शन देत.


ठिपकाआज्ञा:

वर्डस्टारबद्दल थोडं, कारण कंसाच्या कळा आवृत्ती ७ पुरत्याच आहेत. जुन्या आवृत्त्यांच्या फाइली हाताशी आल्या तर नुसतं कोडपेज बदलून भागत नाही.

वर्डस्टार ३.३ डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा सर्वांत वरचा बिट चढवतो, म्हणजे त्या बाइटमध्ये १२८ मिळवलेले असतात. फाइल तशीच उघडली की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलेलं दिसतं. आपोआप पडलेली ओळतूट १४१ आणि १० अशी लिहिली जाते, पक्की तूट १३ आणि १०. समास जुळवण्यासाठी भरलेली मऊ मोकळी जागा म्हणजे १६०. फाइलच्या शेवटी १२८ बाइटांचा गट भरेपर्यंत २६ ची रांग असते. डॉसच्या आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टमच्या काळचा तो वारसा.

साफ करताना क्रम महत्त्वाचा. आधी १४१-१० च्या जोडीची एक मोकळी जागा करा आणि १६० काढून टाका. त्यानंतरच १२८ आणि त्यावरच्या प्रत्येक बाइटमधून १२८ वजा करा. उलट केलंत तर १४१ चा १३ होतो आणि मऊ-पक्की तूट यांतला फरक कायमचा पुसला जातो. मग परिच्छेद हाताने जुळवण्याशिवाय उपाय नाही. मग उरलेले कंट्रोल बाइट काढा: २ ठळक, १९ अधोरेखित, ३० आणि ३१ मऊ हायफन. मऊ हायफन ओळीच्या टोकाला असेल तर तो काढून शब्द जोडा, नुसती जागा ठेवलीत तर शब्द दुभंगलेला राहतो. शेवटी पूर्णविरामाने सुरू होणाऱ्या ओळी पाहा, त्या ठिपक्याच्या आज्ञा (मांडणीच्या सूचना) असतात.

आवृत्ती ५ पासूनच्या फाइलींना हे लावू नका. तिथे २९ या बाइटने सुरू होऊन २९ वरच संपणारे माहितीचे तुकडे असतात, शिवाय विशेष अक्षर २७ आणि २८ यांच्या मध्ये ठेवलेलं असतं. त्यांतून आंधळेपणाने १२८ वजा केले तर खरी उच्चारचिन्हांची अक्षरंच बिघडतील. अशा फाइली वर्डस्टारमध्येच उघडा आणि प्रिंटर म्हणून अस्की निवडून छापा. चालू फोल्डरमध्ये अस्की नावाची, डब्ल्यूएस एक्स्टेन्शनची साधी टेक्स्ट फाइल तयार होते. ती पुढच्या छपाईत पुसली जाते, तेव्हा लगेच उचला.

आत आणताना फाइलमार्गाने यायचं तर कंट्रोल+के, आर. बाहेर ब्लॉक द्यायचा तर कंट्रोल+के, डब्ल्यू. आणि उताऱ्यातली एखादी ओळ पूर्णविरामाने सुरू होत असेल, उदाहरणार्थ एखाद्या फाइलचं टिंबाने सुरू होणारं नाव, तर वर्डस्टार तिला आज्ञा समजतो आणि ती ओळ छापत नाही. पुढे एक मोकळी जागा घाला.


बाइटबाराखडी:

इम्युलेटरऐवजी व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांसाठी: व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स (आतल्या सिस्टमला बाहेरच्याशी जोडणारे प्रोग्राम) डॉससाठी नाहीत, म्हणून सेटिंगमध्ये शेअर्ड क्लिपबोर्ड दोन्ही दिशांनी चालू केला तरी काही होत नाही. होस्टवरून व्हीबॉक्समॅनेजच्या कीबोर्डपुटस्ट्रिंग आज्ञेने कळा पाठवता येतात, पण त्याला वर सांगितलेल्या सगळ्या मर्यादा लागू. तिथे फ्लॉपी इमेज किंवा नेटवर्क बरं.

खरं जुनं यंत्र असेल तर सीरियल पोर्ट आणि नल मॉडेम केबल. मोड आज्ञेने कॉम१ ला ९६००, पॅरिटी नाही, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट द्या, पलीकडेही तेच. कॉपी आज्ञेने कॉम१ वरून फाइलीत घेता येतं आणि २६ चा बाइट आला की ते थांबतं, पण त्यात चुकांची तपासणी नाही. एखादं अक्षर हरवलं तर कळतही नाही. दोन्ही टोकांना कर्मिट हा फाइल पाठवणारा प्रोग्राम चालवा. तो प्रत्येक पॅकेट तपासतो आणि बिघडलेलं पुन्हा मागवतो. नेटवर्क कार्ड असेल तर त्याचा पॅकेट ड्रायव्हर चढवून एमटीसीपी (डॉससाठीचे नेटवर्क प्रोग्राम) वापरा. त्यात एफटीपी आहे आणि नेटकॅटही, म्हणजे फाइल सरळ लिनक्सच्या नळीतून क्लिपबोर्डवर ओतता येते.


शाईपेटी:

पॉवरशेलची दोन्ही टोकं बसवली, ४३७ स्पष्ट दिलं, चिन्हं सुधारली. एक शेवटचं: उताऱ्यात मध्येच मराठी शब्द असतील तर?


कोडपान:

युनिकोड देवनागरी यांतल्या कुठल्याच मार्गाने डॉसमध्ये जाणार नाही. ४३७ मध्ये २५६ च जागा आहेत आणि त्यांत देवनागरी नाही. रूपांतर केलं की प्रश्नचिन्हं, न करता यूटीएफ-८ तसंच ढकललं की ग्रीक अल्फा आणि लाटेचा एन यांची पुनरावृत्ती. पहिल्यात मजकूर कायमचा गेला. दुसऱ्यात बाइट शाबूत असतात, पण वर्डपरफेक्टने मध्येच ओळ मोडली किंवा तुम्ही एक बाइट पुसलात तर अक्षर तुटतं. म्हणून डॉसमध्ये त्या जागी खुणेचा शब्द ठेवा, जसं की दोन चौकोनी कंसांत एक क्रमांक, आणि बाहेर आणणाऱ्या स्क्रिप्टमध्ये क्रमांकाच्या जागी मूळ शब्द घाला. खुणा वेगळ्या यूटीएफ-८ फाइलीत ठेवायच्या, एका ओळीवर एक.

हातात जिस्ट कार्डावर (डॉसच्या संगणकात भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड) लिहिलेला जुना देवनागरी मजकूर असेल तर तो बहुधा इस्कीत, म्हणजे आयएस १३१९४:१९९१ या मानकात असतो. विंडोजमधल्या पॉवरशेल ५.१ मध्ये तो कोडपेज ५७००२ देऊन वाचता येतो आणि युनिकोडमध्ये मिळतो.